तीन शिट्ट्या म्हणजे किती?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतलं पाककृतींचं सदर मी कित्येक वर्षं वाचत आलोय. वाचत म्हणजे नुसतं वाचतच. करून बघायची वेळ कधी आली नव्हती. ती गेल्या हिवाळ्यात आली, तीही परक्या देशातल्या परक्या ओट्यासमोर, आणि तेव्हापासून या सदराविषयी एक तक्रार मनात आहे. तक्रार एका ओळीची आहे: तुमच्या पाककृतींना एककं नसतात. पण एवढंच लिहिलं तर पत्र बाजूला पडेल, म्हणून जे घडलं ते सांगतो. कात्री तुमच्या हातात आहेच.

मी एका शाळेच्या प्रयोगशाळेत ३१ वर्षं साहाय्यक होतो. उपकरणं मांडायची, द्रावणं करून ठेवायची, चंचुपात्रं धुऊन पालथी घालायची. मुलांनी उत्तरापुढे एकक लिहिलं नाही की सर अर्धा गुण कापायचे आणि खरं सांगतो, मला त्यात बरं वाटायचं. घरी मात्र स्वयंपाकघरात माझा वावर वरच्या फळीवरचे डबे काढून देण्यापुरता.

मुलगी नोकरीनिमित्त परदेशात एकटी राहते. ती घसरून पडली आणि उजवं मनगट मोडलं. ६ आठवडे प्लास्टर. सौ.च्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, तिला घरातला उंबरा ओलांडायची पंचाईत, विमान कुठलं! उरलो मी. मुलीची सकाळ कशीबशी निभत होती, दुपारी ती कामावरच खायची. रात्रीचं जेवण तेवढं मी करायचं असं ठरलं. ‘तेवढं’ हा शब्द विमानात बसेपर्यंत मी अगदी सहज वापरत होतो.

पहिल्या संध्याकाळी ती यायच्या आत भात टाकून ठेवावा म्हणून ओट्यापाशी गेलो. ओट्यात बसवलेली काळी काच, तिच्यावर चार वर्तुळं. फिरवायला कान नाही, पेटवायला काही नाही. बोट टेकवलं की पीं असा आवाज यायचा आणि एक अक्षर उजळायचं: ‘एल’. चारही वर्तुळांपुढे ‘एल’. मी ताडलं की एल म्हणजे लो, व्होल्टेज कमी आहे. खुर्चीवर चढून मेन स्विचचा डबा उघडून बघितला. दिवे नीट लागत होते, फ्रिज चालू होता. तरी माझा सिद्धांत काही मी सोडला नाही. सात वाजता मुलगी आली, तिने काचेवरच्या किल्लीच्या चित्रावर डाव्या हाताचं बोट तीन सेकंद दाबून धरलं आणि म्हणाली, “बाबा, लॉक होतं ते.” लहान मुलांनी चालू करू नये म्हणून ठेवलेलं कुलूप. त्या रात्री आम्ही पाव आणि फळं खाल्ली.

दुसऱ्या दिवशी कुलूप काढता आलं, पण मी घरून मुद्दाम नेलेलं ॲल्युमिनियमचं पातेलं शेगडी ओळखेना. आकडा नुसता लुकलुकायचा. इंडक्शनच्या शेगडीत काचेखाली तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं, त्यातून वेगाने दिशा बदलणारा प्रवाह जातो, आणि त्या चुंबकीय क्षेत्रामुळे भांड्याच्या बुडातच प्रवाह फिरून ते बूड तापतं. म्हणून बूड चुंबकाला चिकटणारं लागतं. ॲल्युमिनियम, तांबं, नेहमीचं चकचकीत स्टील यांना सहसा चुंबक धरत नाही. हे सगळं मला माहीत होतं! वर्गात लोखंडाच्या किसाचे प्रयोग मीच मांडलेले. पण ज्ञान प्रयोगशाळेत राहिलं आणि मी पातेलं घेऊन साडेआठ तास विमानात बसलो. शेवटी फ्रिजवरचा एक शोभेचा चुंबक काढला आणि मुलीच्या कपाटातल्या प्रत्येक भांड्याच्या बुडाला लावून बघितला. तीन भांडी पास झाली. पुढचे दीड महिने सगळा संसार त्या तिघांवर.

आता तुमचं सदर. मी निघण्यापूर्वी त्याची नऊ-दहा कात्रणं वहीत चिकटवून नेली होती. बहुतेक प्रत्येक कात्रणात एक वाक्य होतंच: ‘कांदा मध्यम आचेवर ५ मिनिटं गुलाबी होईपर्यंत परतावा.’ शेगडीवर १ ते ९ आकडे. मध्यम म्हणजे ५, यात कुणाला शंका असायचं कारण नाही. ५ वर ५ मिनिटं झाली, १० झाली, १२ झाली. कांदा गुलाबी सोडा, पाणी सुटून त्यातच शिजत पडला होता, पांढराफटक. मग चिडून ९ केला. त्या भांड्याचं बूड पातळ होतं. काचेखालच्या वेटोळ्याएवढंच एक काळं कडं मधोमध उमटलं, बाहेरचा कांदा कच्चाच, आणि तेलाचा धूर वर जाऊन छतावरचा भोंगा वाजायला लागला. तो भोंगा बंद कसा करायचा ते मला कुणी सांगितलं नव्हतं. खिडकी उघडून, टॉवेल फिरवून तो शांत केला. समोरच्या दारातल्या बाईंनी डोकावून बघितलं, माझ्या हातातलं उलथनं बघितलं आणि न बोलता दार लावून घेतलं.

नंतर कळलं ते असं की शेगडीवरचा आकडा तापमान सांगत नाही, शक्ती सांगतो. आणि मोठ्या वर्तुळावरचे ५ आणि छोट्या वर्तुळावरचे ५ हेही सारखे नव्हेत. गॅसवर आपण ज्वाला बघून ठरवतो. इथे बघायला काहीच नाही. ‘मध्यम आच’ हे शब्द ज्याने लिहिले त्याच्या डोळ्यांसमोर त्याची स्वतःची शेगडी होती. माझ्यासमोर काच होती.

त्या रात्री सौ.ला फोन लावला. मुलीकडे संध्याकाळ, आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा वाजलेले. गुडघ्याखाली उशी घेऊन ती जागीच होती. मी विचारलं, “अगं, किती वेळ परतायचा? तेल किती? मीठ किती ग्रॅम?” ती म्हणाली, “अहो, किती म्हणजे काय, लागेल तेवढं!” हे तिचं ठरलेलं उत्तर. मला ते ३५ वर्षं ऐकून पाठ होतं, पण पूर्वी मी ते जेवणाच्या पाटावरून ऐकायचो. मग तिला माझा आवाज जरा रडवेला वाटला असावा. म्हणाली, “बरं, फोन भांड्याजवळ धरा.”

मी धरला. ती गप्प. मग म्हणाली, “अजून पाणी आहे त्यात. चुरचुरतंय. हात लावू नका.” मी उभा. दोनेक मिनिटांनी: “आता आवाज खाली बसला बघा. आता हलवत राहा. कडा बघा, पाकळीची कड रंगायला लागली की तुमचा आकडा खाली आणा.” आणि तसंच झालं. हजारो किलोमीटरांवरून, न बघता, न वास घेता, नुसत्या आवाजावरून तिने तो कांदा परतला. मी केवळ स्टँड होतो, नळी धरायला ठेवतात तसा.

यात जादू नाही, हे मला दुसऱ्या दिवशी शांतपणे विचार केल्यावर उमगलं. कांद्यात बहुतेक पाणीच. ते असेपर्यंत भांड्यातला माल १०० अंशांच्या फारसा वर जात नाही आणि सगळी उष्णता वाफ करण्यात जाते. चुरचुर होते ती त्याचीच. पाणी आटलं की आवाज बसतो, तापमान चढतं, आणि साधारण १४० अंशांच्या पुढे साखर आणि अमिनो आम्लं यांची ती अभिक्रिया जोरात सुरू होते जिचं वर्णन लुई कामीय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये केलं. रंग, वास, चव सगळं तिथून. सौ.ला मायार माहीत नाही, पण तो येऊन उभा राहिला की तिला ऐकू येतं. तिकडचे कांदे आकाराने मोठे आणि जास्त पाण्याचे होते. तेव्हा ‘दोन मध्यम कांदे, ५ मिनिटं’ यात कांदेही चुकीचे आणि मिनिटंही. ‘आवाज बसेपर्यंत’ हे मात्र तिकडेही खरं होतं.

दुसरा घोटाळा शिट्ट्यांचा. कात्रणात ‘कुकरच्या ३ शिट्ट्या कराव्या’. मुलीचा कुकर जड, जाड बुडाचा, झाकणावर स्प्रिंगची झडप. दाब धरला की त्यातून एक लहानशी दांडी वर येते, तिच्यावर दोन रेघा. पहिली रेघ दिसली तर कमी दाब, दुसरी दिसली तर पूर्ण. तो शिट्टी देतच नाही. हे मला ठाऊक नसल्यामुळे मी खुर्ची ओढून शिट्टीची वाट बघत बसलो. २५ मिनिटांनी संशय आला. झाकण उघडलं तेव्हा डाळीचा खळ झालेला, कागद चिकटवायला उत्तम.

संपादक महाशय, शिट्टी हे कशाचं एकक आहे? आपल्या कुकरवरचं वजन वाफेच्या दाबाने उचललं जातं, वाफ सुटते, वजन परत बसतं. खाली आच मोठी असेल तर तीन शिट्ट्या भराभर होतात, बारीक असेल तर पाव तास लागतो. आत पाणी किती, डाळ किती यावरही ते बदलतं. शिजणं अवलंबून असतं ते दाबाखाली किती मिनिटं गेली यावर, कारण पूर्ण दाबात आतलं तापमान १२० अंशांच्या आसपास टिकतं. डेनिस पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६७९ मध्ये वाफेच्या दाबाचं पहिलं शिजवणभांडं दाखवलं, त्यालाही पुढे वजनाची झडप आली. पण ती भांडं फुटू नये म्हणून, घड्याळ म्हणून नव्हे. ‘दाब धरल्यावर आच कमी करून ८ मिनिटं’ असं लिहिलं असतं तर माझी डाळ वाचली असती. मिनिटांना मी वर नावं ठेवली आणि इथे मागतोय, हे विसंगत दिसेल. पण बंद कुकरात बघता येत नाही, ऐकता येत नाही. तिथे घड्याळाशिवाय इलाज नाही.

उघड्या भांड्यात कडधान्य शिजवायला गेलो तर उलटंच. दीड तास उकळूनही दाणा दाताखाली टणक. मी दुकानातून जुना माल आणला अशी माझी समजूत. मग सकाळी किटलीत पाणी तापवताना आत बघितलं तर पांढरा, खरखरीत थर. पाणी जड होतं. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दाण्याच्या पेशी सांधणाऱ्या पेक्टिन नावाच्या पदार्थाला घट्ट बांधून ठेवतं, म्हणून दाणा मऊ पडत नाही. टोमॅटोचा आंबटपणाही तेच करतो, म्हणून तो शेवटी. मिठाने डाळ शिजत नाही असं आमच्याकडे सगळ्या बायका सांगतात, पण भिजवताना पाण्यात मीठ घातलं तर साल उलट लवकर मऊ होते. सोडियम कॅल्शियमची जागा घेतो. हे मी तीन वाट्यांत तीन प्रकारे भिजवून, चिठ्ठ्या लावून, पडताळून बघितलं. मुलगी म्हणाली, “बाबा, जेवण आहे की प्रात्यक्षिक परीक्षा?” चिमूटभर खाण्याचा सोडाही काम करतो, पण चिमटीचं माप जरा मोठं झालं तर साबणाची चव येते. तीही मी पडताळली. नाइलाजाने.

इथे एक गोष्ट जरा गंभीरपणे लिहितो. मुलीच्या कपाटात एक मंद गतीने शिजवणारं विजेचं भांडं होतं. सकाळी भरावं, रात्री तयार. तुमच्या एका कात्रणात राजम्यासाठी ‘अगदी मंद आचेवर बराच वेळ’ असं होतं, आणि मी राजमा त्यात टाकणारच होतो. लाल राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषारी प्रथिन असतं. मोजके कच्चट दाणे पोटात गेले तरी काही तासांत उलट्या-जुलाब होतात. ते नष्ट व्हायला खळाखळा उकळी लागते, आणि ही मंद भांडी कित्येकदा तिथवर पोचतच नाहीत. ८० अंशांच्या आसपास ठेवलेल्या दाण्यांची विषबाधा कच्च्यापेक्षाही वाढू शकते. निदान ५ तास भिजवून, ते पाणी फेकून, ताज्या पाण्यात १०० अंशांवर १० मिनिटं उकळणं हे कमीत कमी; अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन खात्रीसाठी ३० मिनिटं सांगतं. आपल्या कुकरमुळे हा प्रश्न आपल्याला कधी पडत नाही, म्हणून पाककृतीतही कुणी लिहीत नाही. पण तुमचं वर्तमानपत्र आता फोनवर जगभर वाचलं जातं आणि वाचणाऱ्याच्या ओट्यावर कुठलं भांडं आहे ते तुम्हाला दिसत नाही.

मापांचं तर विचारूच नका. तुमच्या कात्रणात वाटी, मुलीच्या खणात कप. अमेरिकेतला कप सुमारे २३७ मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियातला २५०, जपानमधला २००, आणि भाताच्या विजेच्या कुकरबरोबर जो प्लास्टिकचा कप येतो तो १८०. मोठा चमचा बहुतेक ठिकाणी १५ मिलिलिटर, पण ऑस्ट्रेलियात २०. चार देशांच्या पाककृती एकाच खणातल्या कपाने करणाऱ्याचं काय होत असेल! ओव्हनही तसाच. मुलीने कुठल्याशा परदेशी पाककृतीत ‘३५०’ वाचून मला बटाटे भाजायला सांगितले, आणि आमच्या ओव्हनचा आकडा २५० ला संपत होता. ते फॅरनहाइट होतं. सेल्सिअसमध्ये १८० च्या आसपास. आत पंखा चालू असेल तर त्याहून २० कमी. बटणावर एकही शब्द नव्हता, नुसती चित्रं: वर-खाली दोन आडव्या रेघा, नागमोडी रेघ, वर्तुळातला पंखा. नागमोडी म्हणजे वरून कडक आच, हे बटाट्यांनी आम्हाला काळं होऊन सांगितलं.

दुसऱ्या आठवड्यात भांड्यांच्या मागे एक वजनकाटा सापडला, ग्रॅमचा, आणि मला माझं माणूस भेटल्यासारखं झालं. त्यावर मी भात सोडवला. २०० ग्रॅम तांदूळ, ४०० ग्रॅम पाणी, पातेल्याचं वजन वजा. शिजल्यावर परत ठेवलं: घट्ट झाकणाने ७० ग्रॅम वाफ गेली होती, सैल झाकणाने १५०. भात बिघडतो तो इथे. तांदूळ स्वतः पितो ते पाणी तांदळाच्या प्रमाणात वाढतं, पण उडून जाणारं पाणी भांड्याचं तोंड आणि झाकण ठरवतं. म्हणून चार माणसांच्या भाताला दोघांच्या दुप्पट पाणी घातलं की लगदा होतो. मुलीच्या दोन मैत्रिणी जेवायला आल्या त्या दिवशी मी हे हिशेबाने केलं. भात मोकळा झाला. कुणी काही म्हणालं नाही, नुसता परत वाढून घेतला.

तेव्हा माझं मागणं असं. पाककृतीत वजन ग्रॅममध्ये द्या. भांडं किती रुंद ते द्या. कुकरसाठी दाबाखालची मिनिटं द्या. आणि उघड्या भांड्यात मिनिटांऐवजी खूण द्या: काय दिसेल, काय ऐकू येईल, वास कसा बदलेल. तुमच्या सदरात लिहिणाऱ्यांना या खुणा येत नाहीत असं मुळीच नाही. त्या इतक्या येतात की सांगायच्या राहून जातात आणि त्यांच्या जागी ‘५ मिनिटं’ लिहिली जातात. सौ.सुद्धा फोन भांड्याजवळ धरायला सांगेपर्यंत ‘लागेल तेवढं’च म्हणत होती.

मुलीचं प्लास्टर निघालं, मी परत आलो. पहिल्याच संध्याकाळी मोठ्या रुबाबात सौ.ला म्हणालो, तू बस, भात मी टाकतो. गॅसवर दीड महिन्यांनी हात लागत होता. काचेच्या शेगडीवर आकडा खाली आणला की उकळी तत्काळ बसते. इथे जाड पातेलं आणि लोखंडी जाळी तापलेली राहते, हे माझ्या हाताला आठवेना. तळाला खरपुडी धरली. सौ. बाहेरच्या खोलीतून ओरडली, “अहो, आवाज बदललाय!” तोवर उशीर झाला होता.

सोबत दोन माणसांच्या भाताची कृती वेगळ्या कागदावर जोडली आहे, सगळं ग्रॅममध्ये आणि भांड्याच्या व्यासासकट. छापणार असाल तर एक विनंती: चौथ्या ओळीत मिठापुढे मी ‘४ ग्रॅम’ लिहिलं होतं, ते खोडून तिथे कुणीतरी पेन्सिलने ‘लागेल तेवढं’ लिहिलं आहे. ते माझं अक्षर नाही.

कळावे,
आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा साहाय्यक